‘पारंपरिक’ हे काही नाव नव्हे

वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते. टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी होतात आणि गाणी आटोपली की खाऊ ओळखायचा असतो. ज्या घरची भुलाबाई त्या घरची मुलगी झाकणाचा डबा कानाशी हलवून दाखवते आणि बाकीच्या मुली नुसत्या आवाजावरून सांगू लागतात : मुरमुरे, दाणे, फुटाणे, लाडू. खुळखुळ बारीक आहे की जाड, वस्तू डब्यात सुटी फिरते की एका बाजूला आपटते, यावरून अंदाज बांधायचा. विज्ञानाच्या शिक्षकाला आवडावा असाच हा खेळ आहे. पण याच मुलींना, त्यांनी आत्ताच म्हटलेल्या गाण्याची चाल कोणती, तिचे नाव काय, असे विचारून पाहा. त्या एकमेकींकडे बघून हसतील. आवाजावरून बंद डब्यातला पदार्थ ओळखणाऱ्या मुलींना रोज तोंडात असणाऱ्या चालीचे नाव सांगता येत नाही, कारण तिला नाव असते असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो नऊ कॅसेटींच्या रूपाने. अमरावतीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्या आमच्याकडे आणून दिल्या. दर्यापूर तालुक्यात राहणाऱ्या त्यांच्या मामींची गाणी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घरच्याच टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली. वेष्टनावर पेन्सिलीने ‘मामी १’, ‘मामी २’ असे आकडे आणि एका ठिकाणी ‘कोजागिरी’ एवढाच शब्द. मामी आता नाहीत. बाईंनी यांतलीच एक चाल घेऊन एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा नाच बसवला होता. कार्यक्रमपत्रिकेत ‘संगीत’ या शब्दापुढे काय लिहायचे असे विचारणा झाली तेव्हा त्यांनी ‘पारंपरिक’ असे लिहून दिले. छापूनही तसेच आले. कोणाची परंपरा, कोणत्या गावची, कशाच्या वेळी म्हणण्याची, हे कोणी विचारले नाही. बाईंनाच ते मागाहून खटकले आणि कॅसेटी घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

सातव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सर्वांत अवघड मामला आहे. मामी एक गाणे सुरू करतात, दुसऱ्याच ओळीत शब्द विसरतात, हसतात आणि मग जवळजवळ दीड मिनिट नुसतीच चाल गुणगुणत राहतात. शब्द नाहीत, म्हणून गाणे कोणते ते कळत नाही. आणि गाणे कळत नाही म्हणून चालीला काय म्हणावे तेही कळत नाही. आमच्या वहीत तिची नोंद ‘७-ब, निनावी’ अशी आहे.

अशा निनावी चालींचा त्रास जगात सर्वांत जास्त आयर्लंडच्या लोकांनी घेतला असावा. तिकडे पारंपरिक नृत्यसंगीत व्हायोलिन, बासरी, पाइप यांवर वाजते. त्याला शब्द नसतात. शब्द नसल्यामुळे ओळख पटवायला निराळे नाव द्यावेच लागते, आणि ते एखाद्या गावावरून, वादकावरून किंवा घडलेल्या प्रसंगावरून दिलेले असते. एकाच चालीला दहा गावांत दहा नावे आणि एकाच नावाच्या तीन निरनिराळ्या चाली, असा प्रकार तिथे नेहमीचा. शिकागो शहराचा पोलीसप्रमुख झालेला फ्रान्सिस ओनील हा आयरिश गृहस्थ आपल्या लोकांच्या चाली गोळा करी. १९०३ साली त्याने १८५० चालींचा संग्रह छापला. आजही तिथल्या ध्वनिमुद्रणांवर नाव ठाऊक नसलेल्या चालीपुढे ‘गान अनम’, म्हणजे ‘विनानावाची’, असे लिहिण्याची पद्धत आहे. हे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते. ‘विनानावाची’ असे लिहिले की शोध चालू राहतो. ‘पारंपरिक’ असे लिहिले की शोध संपल्यासारखा होतो, कारण रिकामी जागा भरली गेलेली असते.

आपल्याकडची स्थिती आयर्लंडच्या उलट आहे. आपली चाल शब्दांना चिकटलेली असते. गाण्याचे पहिले चार शब्द हेच तिचे नाव. म्हणून मराठीत चाल ओळखण्याची एक फार सोयीची रीत पडली : नव्या पदाच्या डोक्यावर जुन्या गाण्याचे आरंभीचे शब्द लिहायचे आणि आधी ‘चाल’ असे लिहायचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहा, पदांवर राग, ताल आणि चाल अशी माहिती दिलेली आढळेल. किर्लोस्कर बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. कानडी गाणी, लावण्या, हिंदुस्थानी चिजा असे सगळे त्यांच्या कानात होते आणि ते सगळे त्या चालींत उतरले. अमरावती जिल्ह्यात तर यासाठी नाटकापर्यंत जायलाही नको. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या पुस्तकांत भजनाच्या वर ‘तर्ज’ म्हणून दुसऱ्या गाण्याचा निर्देश केलेला असतो. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेली ही पुस्तके वऱ्हाडातल्या गावोगावच्या भजनी मंडळांत पोचलेली आहेत. ज्याला नोटेशन वाचता येत नाही अशा माणसाला एका ओळीत सबंध चाल कळवण्याची ही युक्ती आहे. तिचे मोल आपल्या संगीतावर लिहिणाऱ्यांनी पुरेसे ओळखले आहे असे आम्हाला वाटत नाही.

परंतु या युक्तीत एक कच्चा दुवा आहे. अमुक गाण्याची लांबी तमुक गाण्याइतकी, असे सांगण्यासारखे हे आहे; मोजायची पट्टीच हरवली तर दोन्ही लांब्या गेल्या. नाट्यपदाच्या डोक्यावर ज्या गाण्याचे नाव आहे ते गाणे आज बहुतेकांना ठाऊक नसते, पद मात्र अजून गायले जाते. म्हणजे बाण उलटा फिरला. पूर्वी जुन्या गाण्यावरून पदाची चाल कळत असे. आता जुने गाणे कसे असेल याचा तर्क पदावरून करावा लागतो. ज्या पदांचे गाणेही थांबले त्यांच्या बाबतीत दोन्ही टोके सुटली आहेत. छापील पानावर ‘चाल’ हा शब्द आहे, त्यापुढे चार शब्द आहेत, आणि त्यांतून एकही स्वर ऐकू येत नाही.

मग रागाचे नाव का पुरत नाही, असे कोणी विचारील. पुष्कळ जाणकारांनी आमच्या कॅसेटी ऐकून ‘हा भूप’, ‘यात पिलूची छाया आहे’ असे सांगितले. ते चूक नव्हते. पण त्याने चाल ओळखली असे होत नाही. भूपाचे पाच स्वर वापरणाऱ्या चाली किती असतील याचा अंदाजही करवत नाही. माणसाचा रक्तगट कळला म्हणून माणूस सापडत नाही. शिवाय निंदणाऱ्या बाईच्या गळ्यातल्या चालीला रागाचे नाव दिले की ती त्या रागाची जरा ओबडधोबड प्रत आहे असा समज नकळत तयार होतो. ती चाल त्या रागातून निघाली याला काही पुरावा असतो का? आमच्या पाहण्यात तो कोणी दिलेला नाही.

आता ध्वनिफितीकडे वळू. फितीतला आवाज खरा मानण्याआधी फितीचीच तपासणी करावी लागते, आणि इथे भौतिकशास्त्राच्या तासाला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. भरताना सेल उतरलेले असतील तर मोटर मंद फिरते, समजा ४.५ सेंटिमीटरने. तीच फीत पुढे योग्य वेगाने वाजवली की सगळ्या कंपनसंख्या ४.७६ भागिले ४.५, म्हणजे सुमारे १.०५८ पटीने वाढतात. सप्तकातील लगतच्या दोन अर्धस्वरांचे गुणोत्तर सुमारे १.०५९५ असते. म्हणजे गाणारी बाई पांढरी एकमध्ये गात असेल तर आपल्याला ती काळी एकमध्ये गाताना ऐकू येते आणि लयही तेवढीच वाढते. आमच्या ७-ब मध्ये नेमके हेच झाले. गाण्याच्या मध्येच स्वर चढला असे वाटत होते आणि आमच्यातल्या एकाने त्यावर ‘मामी षड्ज बदलतात’ अशी टीपसुद्धा लिहून ठेवली होती. नीट ऐकल्यावर दिसले की स्वर चढतो त्याच क्षणी मागची बारीक गुणगुण बंद होते. ही गुणगुण विजेची : घरगुती वीज ५० हर्ट्झची असते आणि साध्या टेपरेकॉर्डरच्या वीजपुरवठ्यातून ती ५० किंवा तिच्या दुप्पट, १०० हर्ट्झने फितीवर उतरते. वीज गेली, यंत्र आतल्या सेलवर चालू लागले, सेल जुने होते. मामींनी काहीच बदलले नव्हते. भारनियमनाने त्यांचा षड्ज बदलला होता.

गुणगुणीचा दुसराही उपयोग आहे. ती फितीवर ५३ हर्ट्झची ऐकू येत असेल तर फीत सहा टक्के वेगाने वाजते आहे असा हिशेब निघतो. पण हीही पट्टी अगदी सरळ नाही. २००२ पूर्वी आपल्या भागातल्या वीजजाळ्याची कंपनसंख्या ५० च्या बरीच खाली-वर होत असे, ४८.५ वर गेलेली वीज ५० ची धरली तर पाऊण-एक नव्हे, पण अर्ध्या अर्धस्वराची चूक होते. सुदैव असे की चाल ओळखण्यासाठी मूळ पट्टी कळावीच लागते असे नाही. षड्ज २४० आणि पंचम ३६० हर्ट्झ असेल तर गुणोत्तर ३ : २. दोन्ही सहा टक्क्यांनी चढले, २५४.४ आणि ३८१.६ झाले, तरी गुणोत्तर ३ : २ च. म्हणूनच चाल पुरुषाने म्हटली, बाईने म्हटली, मुलाने म्हटली तरी तीच राहते.

चालीची ही ‘तीच’पणाची खूण कागदावर कशी धरायची? १९७५ साली डेनिस पार्सन्स याने हजारो प्रसिद्ध चालींची एक सूची छापली. तिच्यात स्वरांची नावे नाहीत, ताल नाही, काही नाही. मागच्या स्वरापेक्षा पुढचा स्वर वर गेला, खाली आला की सारखाच राहिला, एवढेच अक्षरांनी नोंदलेले. आपण त्यांना व, ख, स म्हणू. राष्ट्रगीताची सुरुवात मनात म्हणा : व, व, मग बराच वेळ स, स, स, नंतर ख आणि पुन्हा व, व. पाचवीतल्या मुलांना हात वर-खाली करून हे दाखवता येते आणि संगीत न शिकलेला शिक्षकही ते घेऊ शकतो. दर पावलाला तीन शक्यता, म्हणजे दहा पावलांत तीनचा दहावा घात, ५९,०४९ निरनिराळे क्रम. सगळे क्रम सारखेच आढळतात असे नाही, तरी दहा अक्षरांत चाल बरीचशी वेगळी पडते हे खरे.

आम्ही मोठ्या उत्साहाने ही रीत मामींच्या गाण्यांना लावली आणि ती फसली. का फसली ते सांगण्यासारखे आहे. ओवीच्या ओळीत अक्षरे ठरावीक नसतात. एका ओवीत ‘भाऊ’ येतो, दुसरीत त्याच जागी ‘धाकला भाऊराया’ येतो. जादा अक्षरे सगळी एकाच स्वरावर बसवली जातात. परिणाम असा की पहिल्या कडव्यात तीन ‘स’, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात एकही नाही. चाल तीच, पण सूचीत ती तीन वेगळ्या ठिकाणी जाऊन बसते. भरीला हेल. वऱ्हाडातल्या बाया ओळीच्या शेवटच्या स्वराला जो हलकासा झोका देतात तो धरायचा की सोडायचा? धरला तर व-ख-व-ख ची माळ लागते. पार्सन्सची सूची प्रामुख्याने युरोपातल्या रचलेल्या संगीतासाठी होती, तिथे संगीतकाराने प्रत्येक स्वर लिहून ठेवलेला असतो. ती रीत वाईट नाही. आपल्या ओवीला ती जशीच्या तशी लावणे वाईट.

हंगेरीत बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय यांनी १९०६ च्या सुमारास फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी लोकगीते टिपायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना असलाच प्रश्न पडला होता. फिनलंडच्या इल्मारी क्रोनची रीत त्यांनी हाताशी धरली : सगळ्या चाली एकाच शेवटच्या स्वरावर आणून ठेवायच्या आणि मग प्रत्येक ओळ कोणत्या स्वरावर टेकते तेवढे आधी पाहायचे. ओळीची सुरुवात गाणारा बदलतो, मधले स्वर शब्दांप्रमाणे ताणले जातात, पण टेकण्याची जागा सहसा हलत नाही. हे मामींच्या गाण्यांना लगेच लागू पडले. ७-ब ची पहिली ओळ रिषभावर टेकते, दुसरी षड्जावर, आणि पुन्हा तेच. चौथ्या कॅसेटवरच्या एका भुलाबाईच्या गाण्याची टेकणीही हीच निघाली, मधली वळणेही मिळती निघाली. लय मात्र दुप्पट होती, म्हणून आमच्या कानांनी त्या दोघींना आजवर बहिणी मानले नव्हते. एकच सांगाडा, एकदा संथ आणि एकदा टिपऱ्यांच्या वेगाने. आता एवढ्यावरून त्या एकच चाल ठरतात का? दोन ओळींची टेकणी जुळणे हा योगायोगही असू शकतो, आणि आम्ही वहीत ‘बहुधा’ असेच लिहिले.

एव्हाना वाचक म्हणत असतील की एवढी यातायात कशाला, हल्ली फोन ऐकून गाणे ओळखतो. आम्हीही तो फोन मामींपुढे, म्हणजे फितीपुढे, धरला. अशा सेवांतली शॅझम ही २००२ साली इंग्लंडात सुरू झाली. तेव्हा २५८० हा क्रमांक फिरवून फोन गाण्यापुढे धरावा लागे. तिचे तंत्र हुशारीचे आहे. आवाजात कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या ठळक आहे अशा बिंदूंचा, आकाशातल्या ताऱ्यांसारखा, एक नकाशा होतो आणि तो साठ्यातल्या नकाशांशी जुळवून पाहिला जातो. पण यात ओळखले जाते ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. तेच गाणे त्याच गायिकेने दुसऱ्या दिवशी म्हटले तर नकाशा निराळा. फोन तबकडी ओळखतो. चाल म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. २०२० पासून गुगलने गुणगुणलेली चाल ओळखण्याची सोय दिली आहे. ती या बाबतीत पुढची आहे, पट्टी आणि आवाज बाजूला ठेवून चढउतार पाहते. आमच्यातल्या एकाने ७-ब गुणगुणली. उत्तर आले : एक हिंदी चित्रपटगीत.

आमचा खरा आक्षेप इथे आहे. साठ्यात जे आहे त्यातूनच उत्तर निघणार, आणि साठ्यात चित्रपटगीते आहेत, दर्यापूर तालुक्यातल्या मामी नाहीत. साम्य होते, हे आम्ही नाकारत नाही. पण हे उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवले असते तर पुढचा वाचक काय समजला असता? मामींनी सिनेमाची चाल उचलली. कदाचित तसे असेलही. भजनी मंडळे सिनेमाच्या चाली सर्रास घेतात आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. कदाचित संगीतकाराच्या कानावर लहानपणी असलीच चाल पडली असेल. कदाचित दोन्हींचा संबंधच नसेल. यंत्राच्या उत्तरात या तिन्ही शक्यतांना जागा नाही. ‘पारंपरिक’ या शब्दाने मामींचे नाव पुसले जाते. यंत्राच्या उत्तराने तिथे दुसऱ्याचे नाव येते. दोहोंत दुसरे अधिक वाईट, कारण ते माहितीसारखे दिसते.

कायद्याच्या दृष्टीनेही हे नाव क्षुल्लक नाही. लोकगीताची चाल कोणा एकाच्या मालकीची नसते हे खरे. पण ती गाणाऱ्या व्यक्तीचा तिच्या गाण्यावर हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला; त्याची मुदत आधी पंचवीस वर्षे होती, १९९९ च्या दुरुस्तीने ती पन्नास झाली. गाणारी कोण हेच लिहिले नसेल तर हा हक्क सांगणार कोण?

छापील संग्रहांबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा केवढा मोठा साठा राखला! सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. या कामापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तरी असे संग्रह वाचताना ओव्या मुक्या वाटतात. संग्राहकांना शब्द म्हणजे साहित्य वाटले आणि चाल म्हणजे ते वाहून आणणारी गाडी. माल उतरवून घेतला, गाडी परत पाठवली. ध्वनिमुद्रणाची साधने तेव्हा कोणाच्या हाताशी नव्हती हा भाग आहेच. परंतु ती हाताशी आल्यावरही ही दृष्टी फारशी बदलली नाही. वेगळे उदाहरण म्हणून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामाकडे बोट दाखवता येईल. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी हिंडून गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून त्या प्रसिद्ध करायला घेतल्या, त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव येते. हे काम मुख्यतः पुण्याकडचे आणि मराठवाड्याकडचे. वऱ्हाडाचे एवढ्या तपशिलाचे काम आमच्या पाहण्यात नाही.

मात्र ‘गाव’ हा रकाना भरताना एक चूक आमच्याकडूनच झाली. आम्ही मामींच्या सर्व गाण्यांपुढे दर्यापूर तालुका असे लिहून मोकळे झालो होतो. मामी लग्न होऊन तिथे आल्या होत्या. त्यांचे माहेर अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. बाईच्या गळ्यातल्या चालीचे गाव विचारायचे तर आधी माहेर विचारायला हवे, आणि मग चाल आईकडची, सासूकडची की शेतात बरोबर काम करणाऱ्या बायांकडची हेही. नकाशावर चाली वाऱ्याने पसरत नाहीत. त्या सोयरिकीच्या वाटेने जातात. हे रकाने आमच्या तक्त्यात नव्हतेच, कारण तो तक्ता आम्ही वनस्पतींच्या नमुन्यांच्या तक्त्यावरून उतरवला होता, आणि झाडे सासरी जात नाहीत.

शेवटी आम्ही बाईंबरोबर मामींच्या धाकट्या जावेकडे गेलो. ऐंशीच्या पुढचे वय. त्यांना ७-ब ऐकवली. चालीचे नाव काय, असे विचारल्यावर त्यांना प्रश्नच समजला नाही. मग बाईंनी विचारले, ‘मामी, हे कवा म्हनत होते?’ त्या म्हणाल्या, ‘हे तं निंदनाची होय. वावरातली. पन जाऊबाई म्हने, तिच्या माहेराकडं भुलाबाईले म्हनतात.’ चौथ्या कॅसेटशी जुळणारे दुप्पट लयीचे गाणे आम्ही त्यांना अजून ऐकवलेच नव्हते. आम्ही वहीतला ‘बहुधा’ खोडला नाही, पण त्याखाली दोन ओळी वाढल्या : निंदणाची चाल, दर्यापूर तालुका, गाणारीचे माहेर तेल्हारा तालुका, तिकडे हीच भुलाबाईला, दुप्पट लयीत.

कॅसेटच्या वेष्टनावरची पेन्सिल पुसली जाते, चिठ्ठी हरवते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानची पहिली ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा गाणे संपताच ती मोठ्याने आपले नाव सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कामगारांना आवाज कोणाचा हे कळायला हवे होते. नाव आवाजातच असले की ते आवाजापासून सुटत नाही. म्हणून आम्ही धाकट्या मामींना तेच करायला सांगितले : गाण्याआधी नाव, सासर, माहेर आणि गाणे कोणाकडून आले ते यंत्रापुढे सांगा. ‘नाव कायले पाह्यजे?’ असे म्हणत त्यांनी आधी टाळाटाळ केली. मग पदर सारखा केला, गुडघ्यावर हात ठेवला आणि चारही गोष्टी सांगितल्या. माहेरच्या गावाचे नाव घेताना आवाज जरा चढला. ते गुणगुणीवरून तपासून पाहिले. या वेळी वीज गेलेली नव्हती.